सुरतेचा घुमट कुणाचा?

सुरतेत कतारगाम दरवाजाच्या बाजूला इंग्रजांचं जुनं कबरस्तान आहे. तिथली सर्वांत मोठी वास्तू पाहिली की हे थडगं आहे असं पटकन मनात येत नाही. जाडजूड खांब, कमानी, वर चढायला जिना, भोवतीनं फिरता येईल असा सज्जा आणि एकावर एक चढवलेले घुमट. उंची सुमारे चाळीस फूट, व्यास सुमारे पंचवीस फूट. मी तिचं जुनं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गुजरातच्या एखाद्या सुलतानाच्या वजिराचा मकबरा असावा अशीच समजूत झाली होती. प्रत्यक्षात आत आहेत क्रिस्टोफर आणि जॉर्ज ऑक्झिंडेन, इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचे दोन नोकर, सख्खे भाऊ. क्रिस्टोफर १६५९ मध्ये गेला, जॉर्ज १६६९ मध्ये.

जॉर्जचा लॅटिन लेख वाचणाऱ्यालाच प्रश्न विचारून सुरू होतो. मित्रा, ही एवढी मोठी वास्तू कशासाठी, असं तू विचारतोस ना? मग लेख स्वतःच उत्तर देतो: ही मोठी आहे, कारण हिनं दोन जिवलग भावांना एकत्र सांभाळलं आहे, जिवंतपणी जे एकमेकांचे होते त्यांना मरणानंतरही वेगळं होऊ दिलेलं नाही. भावांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण साडेतीनशे वर्षांनंतर तोच प्रश्न आपल्यासमोर पुन्हा उभा आहे आणि त्या उत्तरानं आपलं भागत नाही. ही एवढी मोठी वास्तू कशासाठी? आणि आपण, ज्यांच्या देशावर पुढे याच कंपनीनं राज्य केलं त्या आपण, ती कशासाठी जपायची?

मराठी वाचकाला हे आडनाव परकं नाही. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या वेळी नजराणा घेऊन गडावर आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा याच घराण्यातला. त्या सोहळ्याचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन म्हणून आपण त्याच्या नोंदी आजही वाचतो. जॉर्जची गाठ मात्र वेगळ्या प्रसंगी पडली. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगलांचा अंमलदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, शहर उघडं पडलं आणि इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख असलेला हा जॉर्ज ऑक्झिंडेन आपली माणसं घेऊन वखारीच्या दारात ठाण मांडून राहिला. वखार वाचली. म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूनं पाहिलं तर हा समोरच्या बाजूचा माणूस. कंपनीचा माणूस.

त्यामुळे त्याच्या थडग्याचा विषय निघाला की तीन तऱ्हेचे सूर कानावर येतात. एक म्हणतो, गुलामीची खूण आहे, कशाला ठेवायची? दुसरा म्हणतो, पाडायची गरज नाही, पण आपले पैसेही घालू नका, पडायची तेव्हा पडेल. तिसरा म्हणतो, वारसा आहे, जपलाच पाहिजे. आणि कशाचा वारसा, कुणाचा, हे विचारलं की गप्प होतो. मला या तिघांत शेवटचा सर्वांत कमकुवत वाटतो. पहिल्या दोघांकडे निदान कारण आहे. तिसऱ्याकडे फक्त शब्द आहे, आणि कारण नसलेली जपणूक पहिल्याच धक्क्याला कोसळते. थडगं जपलं पाहिजे असं मीही म्हणतो, पण मला त्यासाठी ठोस कारण हवं.

एक कारण आपल्याकडे तयार आहे. ‘मरणान्तानि वैराणि’ हे रामाचं वचन आपण अशा वेळी हमखास काढतो. रावण पडल्यावर राम बिभीषणाला सांगतो, वैर मरणापाशी संपलं, आता याचे संस्कार कर. प्रतापगडाच्या पायथ्याच्या अफजलखानाच्या कबरीविषयी बोलताना हेच वचन ऐकू येतं. २०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून गदारोळ उठला आणि नागपुरात हिंसा झाली, तेव्हाही कुणी ना कुणी ते म्हटलंच. वचन मोठं आहे. तरी जपणुकीची सगळी इमारत त्याच्यावर उभी करू नये असं मला वाटतं. औदार्य ही मनाची अवस्था आहे आणि मनं बदलतात. आज उदार असलेला समाज उद्या दुखावलेला असू शकतो. शिवाय औदार्याच्या भाषेत एक गृहीत धरलेलं असतं, की कबर ‘त्यांची’ आहे आणि आपण ती राहू देतो आहोत. सुरतेच्या या घुमटाबाबत मला नेमकं हेच गृहीत खोटं वाटतं. तो घुमट आपला आहे.

हे समजायला १६६९ चा इंग्रज कोण होता ते आधी ध्यानात घ्यावं लागतं. शाळेच्या पुस्तकातला इंग्रज डोक्यातून काढून टाकावा लागतो. हा व्हाइसरॉय नाही, कलेक्टर नाही. जहांगिराच्या फर्मानावर सुरतेत वखार घालून बसलेला व्यापारी आहे. बंदर मोगलांचं, जकात मोगलांची, न्याय मोगलांचा. शहरात त्याच्यापेक्षा कितीतरी श्रीमंत गुजराती आणि बोहरी सावकार आहेत, आणि अडचणीत कंपनी त्यांच्याकडूनच कर्ज काढते. आपल्या जुन्या कागदांत या सगळ्या गोऱ्यांना मिळून ‘टोपीकर’ म्हटलेलं आहे, आणि डचांना ‘वलंदेज’. त्या शब्दांत धाक नाही. बाजारात नव्यानं आलेल्या, जरा सांभाळून वागावं अशा जातीचं ते नाव आहे.

अशा माणसाच्या स्वतःच्या देशात त्या काळी मेल्यावर काय होई? पैसेवाला असेल तर चर्चच्या आत फरशीखाली जागा आणि भिंतीवर कोरलेली पाटी. गरीब असेल तर चर्चच्या अंगणात मातीखाली. गावाबाहेर, मोकळ्या बागेत, चारी बाजूंनी उघड्या घुमटाखाली माणसाला ठेवणं ही रीत तिथं नव्हती. ती इथं होती. अहमदाबादजवळचा सरखेजचा रोजा पंधराव्या शतकातला. सुलतान, वजीर, पीर, बडे व्यापारी अशी घुमटांची ओळ गुजरातभर उभी होती आणि त्या ओळीत जागा मिळवणं म्हणजे समाजात जागा मिळवणं. सुरतेच्या इंग्रजांनी हे पाहिलं आणि उचललं. नक्कल केली असं म्हणायला हरकत नाही. कारागीर इथलेच असणार, कारण घुमट चढवण्याची हातोटी इथल्याच गवंड्यांकडे होती. विटेवर वीट पुढे सरकवत, चुन्यात बसवत, वर्तुळ आवळत नेणं हे काम वखारीतल्या कारकुनांचं नव्हे. लेखात भावांची नावं आहेत, गवंड्याचं नाही. पण भिंतीवर बोटं फिरवली तर आधी त्याचंच काम हाताला लागतं.

क्रिस्टोफरच्या लेखाची भाषा तर मला फार आवडते, आणि इथं थोडं रेंगाळावंसं वाटतं. तो सगळा वहीखात्याच्या भाषेत आहे. या माणसाला आपल्या हिशेबात वर्षं मांडता आली नाहीत, फक्त दिवस मांडता आले, कारण मृत्यूनं अचानक हिशेब मागितला. मालक विचारतील, नफा किती, तोटा किती? तुम्ही एक नोकर गमावला, आम्ही एक सोबती. आणि समोरच्या रकान्यात तो स्वतः लिहू शकेल, ‘मला मरण हाच लाभ’. शेवटचं वाक्य बायबलमधलं आहे, पण ते ज्या रकान्यात लिहिलं आहे तो वखारीच्या वहीतला आहे. हे वाचलं की वर म्हटलेलं सगळं एकदम पटतं. ही माणसं जगली जमाखर्चात आणि मेल्यावरही जमाखर्चातच बोलली. मग त्यांचा घुमट कशासाठी होता? मराठीत त्याला नेमका शब्द आहे: पत. बाजारात पत दाखवावी लागते. मोगल अंमलदार, सावकार, दलाल, प्रतिस्पर्धी वलंदेज, सगळ्यांना दिसेल अशी पत. घुमट ही पत दाखवणारी पाटी होती, आणि ती इथल्या माणसांना वाचता यावी म्हणून इथल्या लिपीत लिहिलेली होती. ती लिपी म्हणजे कमान, सज्जा आणि घुमट.

ज्यांना या वास्तूत गुलामीची खूण दिसते त्यांना म्हणून माझं सांगणं आहे की नीट पाहा. इथं तुमच्यापुढे वाकलेला टोपीकर आहे. जिंकलेला माणूस आपली शैली लादतो. मुंबईत एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिलेल्या गॉथिक इमारती पाहा, तिथं सत्ता बोलते. सुरतेचा घुमट त्याच्या दोनशे वर्षं आधीचा आहे आणि तिथं सत्ता इथली आहे, पाहुणा शिकतो आहे. हा पुरावा पुसून टाकला तर इंग्रज पहिल्या दिवसापासून मालक म्हणूनच आला होता, ही त्यांनी नंतर रचलेली गोष्ट आपणच खरी करून देऊ.

आणि गोष्ट इथं थांबत नाही. १६६४ च्या ज्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले, त्याच महिन्यात लंडनमध्ये एका मुलाचा बाप्तिस्मा झाला. नाव जॉन व्हॅनब्रू. पुढे तो इंग्लंडचा नामांकित नाटककार झाला आणि त्याहून मोठा वास्तुकार. ब्लेनहाइम पॅलेस आणि कॅसल हॉवर्ड या तिथल्या दोन सर्वांत दिमाखदार हवेल्या त्याच्या. पण त्याआधी, विशीत असताना, १६८३ ते १६८५ च्या सुमारास हा तरुण ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून सुरतेच्या वखारीत होता. कित्येक वर्षं हे कुणाच्या ध्यानात नव्हतं, अलीकडच्या संशोधनात ते समोर आलं. ऑक्झिंडेन बंधूंचा घुमट तेव्हा नवाच होता, आणि वखारीतल्या माणसाच्या नजरेआड तो राहणं शक्य नव्हतं.

१७११ मध्ये लंडनमध्ये पन्नास नवी चर्चं बांधायचं ठरलं, तेव्हा व्हॅनब्रूनं आपलं टिपण सादर केलं. त्यात त्यानं आग्रह धरला की चर्चच्या आत आणि अंगणात मुडदे पुरणं बंद करावं. गावाबाहेर मोकळ्या जागेत, भिंत घालून, झाडं लावून कबरस्तानं करावीत आणि तिथं देखण्या स्मारकांना वाव द्यावा. आणि उदाहरण म्हणून त्यानं नाव घेतलं सुरतेचं. सुरतेतले इंग्रज असं करतात, असं त्यानं लिहिलं आणि सोबत तिथल्या कबरस्तानाचं आठवणीतलं रेखाटनही जोडलं. लंडनच्या सरदारांना आणि पाद्र्यांना शहाणपण शिकवायला तापीकाठचं उदाहरण! मला तर हे वाचून भरून आलं.

त्याचं म्हणणं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. लंडनची चर्चं पुढेही शंभर वर्षं मुडद्यांनी भरत राहिली. पॅरिसचं पेर लाशेझ हे बागेतलं कबरस्तान १८०४ मध्ये उघडलं, लंडनचं केन्सल ग्रीन १८३३ मध्ये. आपल्याकडे कोलकात्याचं साउथ पार्क स्ट्रीट कबरस्तान, जिथं घुमट, मनोरे आणि पिरॅमिडांचं रानच आहे, १७६७ मध्येच सुरू झालं होतं. १७२९ मध्ये कॅसल हॉवर्डच्या माळावर एक प्रचंड, स्वतंत्र उभा असलेला मकबरा बांधायला घेतला गेला, निकोलस हॉक्समूर या वास्तुकाराच्या आराखड्यानुसार. व्हॅनब्रू तोवर वारला होता. इंग्लंडमधला अशा जातीचा हा अगदी पहिल्या काहींतला. त्याचं रूप रोमन आहे, गोल, खांबांनी वेढलेलं, आणि ते सुरतेवरून घेतलं असं म्हणणं खोटं ठरेल. पण मेलेल्या धन्याला चर्चमधून बाहेर काढून उघड्या माळावर स्वतःचं घर बांधून द्यावं, ही कल्पना कॅसल हॉवर्डच्या वास्तुकारानं, व्हॅनब्रूनं, कुठं पाहिली होती ते आपल्याला माहीत आहे.

म्हणजे पाहा. आपण ज्या वास्तूला ‘त्यांची’ म्हणून वाऱ्यावर सोडायला निघालो आहोत, तिच्यातून इथली एक रीत तिकडे गेली. युरोपकडून आपण काय घेतलं याच्या याद्या आपल्याला तोंडपाठ आहेत. आपल्याकडून काय गेलं याचे दाखले शोधायला लागलो की बहुतेक वेळा हवेत हात मारावे लागतात, आणि मग पुराणातल्या विमानांपर्यंत मजल जाते. इथं हवेत काही नाही. वास्तू उभी आहे, माणसाचं नाव आहे, साल आहे, त्यानं हातानं काढलेलं चित्र आहे. अभिमान बाळगायचाच असेल तर अशा ठिकाणी बाळगावा, जिथं पुरावा बोट ठेवून दाखवता येतो.

आता वलंदेजांकडे वळू. त्यांचं कबरस्तान वेगळं, आणि जवळच आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी. तिथली मोठी वास्तू हेंड्रिक आद्रियान व्हॅन रीडची. डच कंपनीनं १६८४ मध्ये त्याला आपल्या कारभारातला भ्रष्टाचार निपटून काढायला सर्वाधिकारी म्हणून पाठवलं. वखारी तपासत तपासत तो सुरतेकडे निघाला होता आणि डिसेंबर १६९१ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यापाशी जहाजावरच वारला. सुरतेत त्याला मोठ्या थाटात पुरलं आणि दुहेरी घुमटाची, खालीवर सज्जे असलेली वास्तू उठवली. इंग्रजांच्या घुमटावर मात करायची म्हणूनच ती एवढी मोठी केली असं म्हणतात, आणि दोन्ही पाहिल्या की ते पटतं. जुन्या वर्णनांत तिच्या भिंतींवरची चित्रं, घराण्याची चिन्हं आणि खिडक्यांचं कोरीव लाकूडकाम यांचा उल्लेख येतो. त्यातलं बरंच काळानं नेलं.

पण व्हॅन रीड मला घुमटासाठी महत्त्वाचा वाटत नाही. हा माणूस १६७० ते १६७७ मलबारचा गव्हर्नर होता आणि तिथं असताना त्यानं मलबारातल्या वनस्पतींचा एक महाग्रंथ रचून घेतला, ‘हॉर्टस मलाबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. सातशेच्या वर वनस्पती, प्रत्येकीचं चित्र, तिचे गुणधर्म, तिची नावं. पुढे लिनीयस या स्वीडिश शास्त्रज्ञानं वनस्पतींना शास्त्रीय नावं देताना या ग्रंथाचा मोठा आधार घेतला. आणि हे ज्ञान व्हॅन रीडचं स्वतःचं नव्हतं. ते इट्टी अच्युतन या मलबारच्या वैद्याचं होतं, ज्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या औषधी झाडांची पोथी चालत आली होती. आणि ते रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचं होतं.

या तिघांनी १६७५ मध्ये लिहून दिलेला दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे. भाषा कोंकणी, लिपी नागरी. खंडातल्या चित्रांवर झाडांची नावं लॅटिन, मल्याळम आणि अरबी लिपींबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. नागरीत वाचणाऱ्या माणसाला हे किती जवळचं आहे ते वेगळं सांगायला नको. साडेतीनशे वर्षांपूर्वी ॲमस्टरडॅमच्या तांब्याच्या पत्र्यावर आपली अक्षरं कोरली गेली, कारण गोव्यातून परागंदा होऊन कोचीत वसलेल्या समाजातल्या तीन वैद्यांनी आपलं ज्ञान मोकळेपणानं दिलं. आणि ज्याला दिलं तो सुरतेत त्या दुहेरी घुमटाखाली आहे. केरळात वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी उभं आयुष्य घालून हा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणि मल्याळममध्ये आणला. त्यांच्या त्या कामातून इट्टी अच्युतनचं नाव पुन्हा लोकांच्या ओठांवर आलं. थडग्याच्या बाबतीत असं कुणी केलेलं नाही.

इथं माझा मुद्दा मी उघडपणे मांडतो. थडगं जपणं हा आत झोपलेल्याचा सत्कार नव्हे. ऑक्झिंडेनला आपल्या आदराची गरज नाही आणि तो द्यायला मी कुणाला सांगतही नाही. थडगं हा दस्तऐवज आहे. कागदाला वाळवी लागते, विटेला लागत नाही, एवढाच फरक. मोडी कागदांत एखादा शत्रूच्या हातचा निघाला म्हणून आपण तो फाडत नाही, उलट जपून वाचतो. शत्रूच्या कागदात आपल्याविषयी जे सापडतं ते आपल्या बखरीत सापडत नाही, हे वि. का. राजवाड्यांपासून प्रत्येक इतिहासकारानं आपल्याला सांगितलेलं आहे. मग विटेच्या दस्तऐवजाला वेगळा न्याय का?

पैशाचा आक्षेप मात्र मी हलक्यानं घेत नाही. जिवंत माणसांना दवाखाना नाही आणि मेलेल्या गोऱ्यांना चुन्याचा गिलावा, हे वाक्य कुणी तोंडावर फेकलं तर त्यात राग आहे तेवढंच सत्यही आहे. पण आपण प्रत्यक्षात किती खर्च करतो तेही पाहावं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत साडेतीन हजारांहून अधिक वास्तू आहेत, सुरतेची ही कबरस्तानं त्यांतच मोडतात, आणि यादीत असणं व सांभाळलं जाणं यांत मोठी दरी आहे. २०१३ मध्ये कॅगनं आपल्या अहवालात नोंदवलं की यादीतल्या ९२ वास्तू जागेवर सापडतच नाहीत. पुन्हा शोध घेतल्यावर ४२ सापडल्या, काही धरणाखाली गेल्या होत्या, काही शहरांनी गिळल्या होत्या आणि २४ चा पत्ताच लागला नाही. मग मार्च २०२४ मध्ये सरकारनं अशा १८ वास्तू यादीतून वगळायचं जाहीर केलं. त्या १८ त दिल्लीचं बाराखंबा कबरस्तान आहे, लखनौच्या गऊघाटाचं कबरस्तान आहे, झाशीकडची एका गोऱ्या तोफचीची कबर आहे. देऊळ हरवलं तर गाव विचारतं, मशीद हरवली तर मोहल्ला विचारतो. ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्या कबरी हरवल्या तर कुणीच विचारत नाही, आणि म्हणूनच त्या सर्वांत आधी हरवतात.

आक्षेप घेणाऱ्यांत सर्वांत न्याय्य तक्रार कबरस्तानाशेजारी राहणाऱ्यांची असते. प्राचीन वास्तूंच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली तेव्हापासून संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे आणखी दोनशे मीटरपर्यंत परवानगीशिवाय काही करता येत नाही. सुरतेसारख्या दाटीवाटीच्या शहरात शंभर मीटर म्हणजे किती घरं, किती संसार! त्यांना आपल्या घरावर मजला चढवता येत नाही, पडकी भिंत दुरुस्त करायलाही खेटे घालावे लागतात, आणि बदल्यात मिळतं काय? कुंपणापलीकडचं बंद फाटक. अशा माणसानं थडग्याला शिव्या दिल्या तर दोष त्याचा नाही. त्याच दुरुस्तीत प्रत्येक वास्तूसाठी तिच्या परिसराला धरून स्वतंत्र उपविधी करायची तरतूद आहे. ताजमहालाला आणि गल्लीतल्या घुमटाला एकच पट्टी लावायची नाही, हा त्यामागचा हेतू. ते काम मन लावून पुरं केलं तर शेजाऱ्यांचं पुष्कळ ओझं उतरेल.

ओझं उतरवून भागणार नाही, काही द्यावंही लागेल. दाट वस्तीत झाडाखालची मोकळी जागा सोन्यापेक्षा महाग आहे. सकाळी म्हाताऱ्यांना फिरायला, दुपारी पोरांना अभ्यासाला, संध्याकाळी बायकांना बसायला हे आवार उघडं ठेवलं तर कबरीला धक्का लागेल या भीतीत मला तथ्य वाटत नाही. धक्का लागतो तो ओस पडलेल्या जागेला. माणसांचा वावर असलेल्या आवारात लेखाचा संगमरवर उचकटून नेणं सोपं नसतं. कुणीतरी काका हटकतातच.

डागडुजीचं म्हणाल तर तिथं पैशांपेक्षा समज कमी पडते. जुनी वीट आणि चुना हे श्वास घेणारं बांधकाम. पावसाचं, जमिनीतलं पाणी ते शोषतं आणि हळूहळू सोडूनही देतं. त्यावर घाईघाईनं सिमेंटचा हात फिरवला की पाणी आत कोंडतं, भिंतीला लोणा लागतो आणि विटेचं पीठ होतं. वरून गुळगुळीत, आतून पोखरलेलं. तापीनं २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत कशी बुडवली ते तिथला कुणीही सांगेल. अशा शहरात हा प्रश्न आणखी जपून हाताळावा लागतो. घुमटाच्या सांध्यात उगवलेला पिंपळ वरून छाटून उपयोग नसतो, मूळ मारावं लागतं, आणि तेही वीट न हलवता. चुना भिजवून, मुरवून, घाण्यात मळून लावणारे हात अजून आहेत, पण फार दिवस राहतील असं नाही. त्यांना अशा वास्तूंवर वर्षभर काम मिळालं तर तो खर्च जिवंत माणसांवरच होतो. वर म्हटलेल्या त्या निनावी गवंड्याच्या विद्येचं देणं फेडायचा मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

राहिला लेखांचा आणि पाटीचा प्रश्न, जो सर्वांत स्वस्त आहे आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष आहे. आपल्या संरक्षित वास्तूंपुढच्या निळ्या पाट्या बहुधा कायदाच सांगतात: हानी केल्यास दंड, शिक्षा. आत कोण आहे, का आहे, हे एका ओळीत उरकलेलं असतं. लॅटिन वाचणारं माणूस सुरतेच्या गल्लीत भेटणार नाही. तेव्हा क्रिस्टोफरचा तो वहीखात्याचा लेख गुजरातीत, हिंदीत आणि मराठीत लावा. सुरतेसारख्या व्यापाऱ्यांच्या शहराला तो दुसऱ्या कुणाहीपेक्षा लवकर कळेल. मराठी माणसं सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या मुलांना १६६४ आणि १६७४ या दोन सालांच्या मधला हा दुवा प्रत्यक्ष हात लावून पाहू द्या. मुंबईच्या मुलांनाही इथं आणायला हवं. मुंबई कंपनीच्या हाती आल्यावर जिनं आकार घेतला तो ज्याच्या कारभारात, तो जेराल्ड ऑन्जियर १६७७ मध्ये सुरतेतच वारला आणि याच मातीत आहे. आणि जॉर्जच्या लेखातला तो पहिला प्रश्न, ही एवढी मोठी वास्तू कशासाठी, तो जसाच्या तसा फाटकापाशी मोठ्या अक्षरांत असू द्या. उत्तर लगेच द्यायची गरज नाही.

वलंदेजांच्या कबरस्तानातली पाटी लिहायची वेळ येईल तेव्हा व्हॅन रीडचं नाव, साल आणि हुद्दा यांच्याबरोबर आणखी चार नावं तितक्याच मोठ्या अक्षरांत घालावीत: इट्टी अच्युतन, रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट. त्यांनी सांगितलेल्या एखाद्या झाडाचं रोप शेजारी लावावं, आणि त्यावरची चिठ्ठी पहिल्यांदा नागरीत लिहावी, जशी ॲमस्टरडॅमच्या पत्र्यावर होती.